रकाना सात

फॉर्मवर सातवा रकाना असतो:
हा अभ्यासक्रम का निवडलात?
दोन ओळींची जागा.
बावीस वर्षं मी ते फॉर्म गोळा करते
आणि परळच्या या तिसऱ्या मजल्यावर
सेंट्रिफ्यूजची घरघर थांबेपर्यंत वाचत बसते.

निम्मे जण लिहितात, समाजसेवा.
ते मी मनावर घेत नाही.
अठराव्या वर्षी मीही तेच लिहिलं होतं,
ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीसकट.

गोराईच्या ग्लेंडा किणीने लिहिलं:
नीटला एकशे बारा मार्क कमी पडले.
पुढे पूर्णविराम.
मला तो पूर्णविराम आवडला.
मेहजबीन तुंगेकरचा मामा मस्कतच्या लॅबमध्ये,
तिने नुसता पगाराचा आकडा लिहिला, रियालमध्ये.
हिताक्षी वैतीची आई सातरस्त्याला
एका पॅथॉलॉजीत बाटल्या विसळते.
'आई घरी येऊन म्हणायची, आज बाटल्या फार होत्या.
कुणाच्या, कशाच्या, तिला ठाऊक नसायचं.
मला ठाऊक करून घ्यायचंय.'
जागा संपली म्हणून शेवटचा शब्द
समासात उभा चढलेला.

प्रज्ञेश खिल्लारेचा रकाना कोरा.
तोंडी विचारलं तर कान लाल,
ओठ पहिल्याच अक्षरावर अडलेले.
मग त्याने एक काचपट्टी उचलली,
जिथे पेशंटचा नंबर घालतात
त्या नखाएवढ्या खरखरीत जागेवर
पेन्सिलीने लिहिलं:
इथे बोलावं लागत नाही.

मी हसले नाही.
खरंच होतं ते.
माणूस खाली वॉर्डात असतो,
वर येतं त्याचं तीन मिली,
जांभळ्या टोपणाच्या नळीत, मुकाट.
बरं झाल्याचे पेढेही खालच्याच मजल्यावर थांबतात.

(माझं कारण दोन ओळींत मावलं नसतं.
आईच्या रिपोर्टखाली एक सही होती,
कोंबडीचा पाय उमटल्यासारखी.
डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं म्हणून वाचल्या.
कुणाला कळलं?
ते नाव मला कधीच लागलं नाही.)

तिसऱ्या वर्षी, इंटर्नशिपमध्ये,
गुरुवारची रात्र, सव्वादोन.
मशीन म्हणालं, आठ हजार.
मशीनवर लगेच विश्वास ठेवू नका, हे मीच शिकवलेलं.
प्रज्ञेशने नळी तिरकी करून गुठळी शोधली,
नव्हती.
रक्ताचा थेंब काचेवर ओढला, लीशमनचा रंग दिला,
तेल, शंभराचं भिंग.
एक फील्ड सरकवलं, दुसरं, दहावं:
सुट्टीच्या दिवशीचं शाळेचं मैदान.
कुठे एखादी प्लेटलेट, दप्तर विसरल्यासारखी.

असा आकडा कागदावर सोडून चालत नाही.
फोन उचलायचा, वॉर्डाला सांगायचा,
आणि त्यांनी परत वाचून दाखवल्याशिवाय
फोन ठेवायचा नाही.
मी हात पुढे केला.
त्याने मान हलवली.

'वॉर्ड अ... अकरा? ल... लॅबमधून.
कॉट च... च... चार.
प्ले...'
इथे तो इतका वेळ अडकला
की मला फ्रीजची मोटर बंद झालेली ऐकू आली.
पलीकडची सिस्टर थांबली.
तिने शब्द पुरा करून दिला नाही,
हॅलो हॅलोही केलं नाही.
'प्लेटलेट आठ हजार.'

मग तिकडून, नियमाप्रमाणे,
त्याचेच शब्द सरळ परत आले:
कॉट चार, प्लेटलेट आठ हजार, दोन एकोणतीस.
कळवणाऱ्याचं नाव?

सगळ्यात जास्त वेळ त्याला
स्वतःचं नाव सांगायला लागला.
मग रजिस्टरात ते लिहिलं,
एकेक अक्षर सुटं,
कुणालाही वाचता येईल असं.

कॉट चारचं पुढे काय झालं, कळलं नाही.
सहा वाजता नव्या नळ्या आल्या.